कापसाचा वृक्ष आणि कापसाचे झुडूप



बडोद्याच्या दांडिया बाजारात, आमच्या घरापासून चार घरे सोडून, एक जुना वाडा आहे. त्याच्या मागल्या अंगणात विहिरीला लागून देवकपाशीचे एक झाड उभे आहे. वाड्यातील आजी त्याची बोंडे वेचतात, सरकी काढतात आणि दुपारचे जेवण आटोपले की ओटीवर बसून वाती वळतात. मी ख्रिस्ती, आमच्या घरी वाती वळण्याची चाल नाही. पण मेणबत्तीच्या पोटातसुद्धा कापसाचाच धागा असतो, असे मी आजींना एकदा सहज म्हणालो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग मास्तर, तुमचा आणि आमचा देव एकाच झाडाच्या उजेडात बसतो म्हणायचा!"

गेल्या वर्षी माझ्या वर्गातील काही मुलांना घेऊन मी ते झाड पाहावयास गेलो होतो. त्यांत कर्जण तालुक्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा होता. जन्मापासून कापूस पाहिलेला. त्याने झाडाच्या खोडाभोवती मूठ धरून पाहिली. ती पुरी वळेना. मग त्याने विचारले, "सर, आमच्या शेतातला कापूस उन्हाळ्यापूर्वी उपटून टाकतात. हा इतकी वर्षे मरत कसा नाही?" आजी म्हणाल्या की हे झाड त्यांच्या थोरल्या नातवाच्या वयाचे आहे आणि तो नातू आता मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला.

मुलाचा प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. इतिहास शिकविणाऱ्याने अशा वेळी काय करावे? त्याने जुने ग्रंथ उघडावेत. मी ते उघडले, आणि त्या प्रश्नाचा धागा गुजराथच्या किनाऱ्यापासून इराणच्या पठारापर्यंत आणि तेथून उत्तर ध्रुवाजवळच्या गोठलेल्या मैदानापर्यंत गेलेला मला आढळला. आज तोच धागा तुमच्यासमोर उलगडावयाचा आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो चीनमधून सागरमार्गाने परतला. आपल्या वृत्तांतात त्याने गुजराथचे वर्णन केले आहे आणि त्यात कापसाविषयी एक चमत्कारिक मजकूर आहे. तो सांगतो की येथे कापसाची झाडे सहा पावले उंच वाढतात आणि वीस वर्षे जगतात. बारा वर्षांपर्यंत त्यांचा कापूस सूत काढण्याजोगा असतो. त्यापुढचा उतरत्या प्रतीचा असून गाद्यागिरद्या भरण्याच्या कामी येतो. आज भडोच किंवा बडोदे जिल्ह्यातील कोणत्याही शेतकऱ्याला हे वाचून दाखवा. तो म्हणेल की या परदेशी पाहुण्याला सांवरीच्या झाडाने फसविले असावे. परंतु सांवरीच्या कापसाचे सूत निघत नाही, हे आपण जाणतो. आणि आजींच्या अंगणातील झाड पाहिल्यानंतर पोलोच्या मजकुराकडे थट्टेने पाहता येत नाही. ज्या गुजराथेत सातशे वर्षांपूर्वी कापूस हे झाड होते, त्याच गुजराथेत ते आज एका हंगामाचे झुडूप आहे. मधल्या काळात काय घडले?

याचे उत्तर देण्यापूर्वी कापसाच्या कुळाची थोडी ओळख करून घेऊ. जगात लागवडीखाली असलेल्या कापसाच्या जाती चार. त्यांपैकी दोन जुन्या जगाच्या आणि दोन अमेरिकेच्या. जुन्या जगातील पहिली गॉसिपियम आर्बोरियम. आजींची देवकपाशी हिच्यातलीच आणि खानदेश-वऱ्हाडातील जुना गावरान कापूसही हिचाच. दुसरी गॉसिपियम हर्बेशियम. भडोच, बडोदे, सुरत या पट्ट्यातील जो कापूस 'ब्रोच' या नावाने मुंबईच्या बाजारात एके काळी भावाचे माप ठरला होता, तो हिचा. या दोघींच्या पेशीत गुणसूत्रांच्या १३ जोड्या असतात. अमेरिकेच्या दोन्ही जातींत त्या २६ आहेत. त्यामुळे देशी आणि अमेरिकन कापसाचा संकर सहजासहजी होत नाही. दोघांची घरे वेगळी, रक्तही वेगळे.

आपल्या देशात कापूस फार जुना आहे. मोहेंजो-दारोच्या उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेले कापडाचे अवशेष मिळाले. मुंबईस माटुंगा येथे १९२४ साली कापसाची तांत्रिक प्रयोगशाळा निघाली होती. तेथील गुलाटी आणि टर्नर या शास्त्रज्ञांनी १९२८ च्या सुमारास ते धागे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि ते कापसाचेच असून आर्बोरियमच्या जवळचे आहेत, असा निर्वाळा दिला. पुढे बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे तांब्याच्या मण्यात अडकलेला कापसाचा धागा सापडला आणि हा इतिहास आणखी काही सहस्रके मागे गेला. परंतु या साऱ्या प्राचीन कापसाचे मूळ रूप झाडाचे होते. रानटी कापूस जेथे जेथे आहे, तेथे तेथे तो बहुवर्षायू आहे. हर्बेशियमचा रानटी भाऊ आजही आफ्रिकेच्या दक्षिण भागात झुडपांच्या रानात वाढतो, आणि तोही वर्षाला मरत नाही.

मग एका वर्षात जन्मून फळून मरणारा कापूस आला कोठून?

या प्रश्नाचा छडा ज्यांनी लावला, त्यांचे काम आपल्या शेजारीच, इंदुरास झाले. होळकरांच्या त्या राजधानीत १९२४ साली वनस्पति-उद्योगाची एक संस्था स्थापन झाली आणि अल्बर्ट हॉवर्ड हे तिचे पहिले संचालक झाले. १९३० नंतरच्या दशकात जोसेफ हचिन्सन हे इंग्रज शास्त्रज्ञ तेथे कापसाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करू लागले. त्यांचे सहकारी होते विनायक गोविंद पानसे. सांख्यिकीच्या क्षेत्रात पुढे मोठा अधिकार पावलेले हे मराठी नाव शेतकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना चांगले परिचयाचे आहे. पानसे आणि सुखात्मे यांचा १९५४ सालचा ग्रंथ कित्येक पिढ्यांनी अभ्यासला. त्या काळी शेतावरील प्रयोग म्हणजे पुष्कळदा अंदाजाचा कारभार असे. दोन वाण शेजारी पेरावयाचे आणि जो डोळ्याला बरा दिसेल त्याला चांगला म्हणावयाचे! जमिनीतला फरक कोणता आणि बियाण्यातला कोणता, हे त्यातून कसे कळावे? वाफे चिठ्ठ्या टाकून वाटावेत, प्रत्येक वाण अनेक ठिकाणी पेरावा, आणि मग आकड्यांना बोलू द्यावे, ही शिस्त या मंडळींनी कापसाच्या शेतात आणली.

हचिन्सन यांनी जगभरचे कापूस एकत्र मांडून पाहिले आणि त्यांना एक क्रम दिसला. उत्तर आफ्रिकेतील हर्बेशियम बहुवर्षायू आहे. इराणकडील लहान चणीचे आणि वर्षायू. त्याच्याही उत्तरेला, मध्य आशियात इली नदीच्या काठी कुलजा नावाचे गाव आहे. तेथील हिवाळा इतका कडक की पाणी काय, माती गोठते. तेथला कापूस सर्वांत बुटका आणि सर्वांत घाईचा. थोड्या महिन्यांच्या उबेत तो उगवतो, फुलतो, बोंडे धरतो आणि हिम पडण्यापूर्वी आपले बी जमिनीला देऊन मोकळा होतो.

येथे कापसाच्या झाडाची एक खूण समजून घेतली पाहिजे. कापसाला फांद्या दोन प्रकारच्या येतात. एक वाढीच्या फांद्या, त्या झाडाचा विस्तार करतात. दुसऱ्या फळफांद्या, त्यांवर फुले व बोंडे लागतात. बहुवर्षायू झाड प्रथम खालून वाढीच्याच फांद्या काढीत जाते. फळफांदी फार वर, फार उशिरा येते. आधी घर बांधावे, मग संसार थाटावा, अशी त्याची रीत. वर्षायू कापसात पहिली फळफांदी खालच्या पेऱ्यावरच फुटते. घर लहान राहिले तरी चालेल, पण मूल आधी, असा त्याचा बाणा.

आता कल्पना करा. व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर सरकी उबदार प्रदेशातून थंड प्रदेशात गेली. पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ सारी झाडे मेली, कारण बोंडे धरण्यापूर्वीच त्यांना हिमाने गाठले. परंतु हजारांत एखादे झाड असे होते की ज्याची फळफांदी इतरांहून दोन पेरे खाली आली होती. त्याची दोन-चार बोंडे पिकली. पुढल्या वर्षी शेतकऱ्याच्या हाती बी आले ते फक्त त्याचेच. दरवर्षी हिवाळा परीक्षक होऊन बसला आणि दरवर्षी उशीर करणाऱ्यांना नापास करीत गेला. शेकडो वर्षांनी तेथे जो कापूस उरला, तो सारा घाई करणारा. कोणत्याही झाडाने मनाशी काही ठरविले नव्हते, आणि थंडीने कोणत्याही झाडाला शिकविले नव्हते. जनुकांतले लहान लहान फरक आधीच होते; थंडीने त्यांतून निवड केली. अमेरिकेच्या कापसातही स्वतंत्रपणे हेच घडले. तेथील रानटी कापूस दिवस लहान झाल्याखेरीज फुलत नसे; शेतातील वाणांनी ती अट सोडून दिली.

हचिन्सन यांच्या मते हाच तयार झालेला वर्षायू हर्बेशियम व्यापाराच्या वाटेने इराणकडून पश्चिम हिंदुस्थानात आला आणि गुजराथेत त्याने जुन्या झाडकापसाची जागा घेतली. आपल्याकडे हिम नाही. मग येथे तो का टिकला? कारणे समजण्याजोगी आहेत. शेत दरवर्षी मोकळे होते, नांगरता येते, आलटून-पालटून ज्वारी पेरता येते. वर्षभर उभ्या असलेल्या झाडावर किडी मुक्काम करतात, तो आश्रयही तुटतो. अशा रीतीने मार्को पोलोने वर्णिलेले झाड शेतातून हद्दपार झाले आणि देवाच्या वातीसाठी तेवढे अंगणात उरले. आजींची देवकपाशी ही गुजराथच्या शेतीची एक विसरलेली बखर आहे, असे मी मुलांना सांगितले.

पण थांबा. आपण येथे एक गोष्ट गृहीत धरली आहे. झाडाचे रूप त्याच्या बियाण्यात लिहिलेले असते, हे कशावरून? थंडीत वाढले म्हणून ते बुटके झाले, असे का म्हणू नये? उबेत नेले तर ते पुन्हा उंच होईल! हा वाद गेल्या शतकात युरोपात फार रंगला. फ्रान्सच्या गास्तों बॉनिये यांनी १८८० नंतर मैदानातील झाडे आल्प्स आणि पिरिनीज पर्वतांवर लाविली आणि ती पर्वती झाडांत रूपांतरित झाली, असे प्रतिपादिले. स्वीडनमध्ये योटे तुरेसन यांनी याच्या उलट परीक्षा केली. समुद्रकाठच्या वाळूतील, रानातील आणि शेतातील एकाच जातीची झाडे त्यांनी आणली आणि आकार्प येथील एकाच बागेत, एकाच मातीत शेजारी शेजारी लाविली. माती एक, पाऊस एक, ऊन एक. तरीही वाळूतील झाड वाळूतल्यासारखेच आणि रानातील झाड रानातल्यासारखेच वाढले. १९२२ साली त्यांनी या स्थानिक वाणांना 'एकोटाइप' असे नाव दिले. आपण त्यांना स्थानवाण म्हणू. एक जात म्हणजे एक साचा नव्हे. एकाच जातीत समुद्रकाठची माणसे निराळी आणि घाटमाथ्याची निराळी असावीत तसे हे आहे.

पुढे कॅलिफोर्नियात क्लाउसेन, केक आणि हीसी या तिघांनी हा प्रयोग कळसास नेला. समुद्रसपाटीजवळ ३० मीटरवर एक बाग, १,४०० मीटरवर दुसरी आणि ३,०५० मीटर उंच पर्वतावर तिसरी. एकाच झाडाचे तुकडे करून ते तीनही बागांत लावावयाचे. म्हणजे रक्त तेच, गाव निराळे. झाडे नव्या जागी थोडीफार बुटकी-उंच झाली खरी, पण एका गावच्या झाडाचे दुसऱ्या गावच्या झाडात रूपांतर झाले नाही. किनाऱ्यावरची झाडे पर्वतावरच्या हिवाळ्यात मेली. बॉनिये यांचे म्हणणे या कसोटीस उतरले नाही.

या विद्येची खरी पाठशाळा मात्र उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश ठरली. तेथे उन्हाळा जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. पण त्या काळात सूर्य मावळतच नाही. आपल्या अंबट चुक्याची एक चुलत बहीण तेथे उगवते. ऑक्सिरिया हे तिचे शास्त्रीय नाव. चवीला तीही आंबट. ती ध्रुवाजवळ आहे, अमेरिकेच्या उंच पर्वतांवर आहे आणि आपल्या हिमालयातही आहे. मूनी आणि बिलिंग्ज या दोघांनी ध्रुवप्रदेशातील व अमेरिकेच्या पर्वतांवरील ऑक्सिरियाचे नमुने आणून एकाच परिस्थितीत वाढविले आणि १९६१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तरेकडच्या झाडांच्या पानांत हरितद्रव्य अधिक होते, कमी उष्णतेत अन्न तयार करण्याची शक्ती अधिक होती, आणि फुलण्यासाठी त्यांना अधिक लांब दिवस लागत होता. पर्वतावरच्या झाडांना मात्र प्रखर उन्हाचा अधिक उपयोग करून घेता येत होता. दोघींना थंडी सारखीच परिचयाची. परंतु एकीच्या नशिबी मंद, न मावळणारा प्रकाश आणि दुसरीच्या नशिबी माथ्यावरचे तीव्र ऊन. त्या फरकाचीही नोंद बियाण्यात झाली होती.

थंडीने इराण-तुर्कस्तानात आपल्या कापसाची निवड कशी केली असेल, हे यावरून ध्यानात येईल. आता याच दृष्टीने आपल्या गुजराथेकडे परत पाहू.

भडोच आणि बडोदे यांच्या मधल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्याला कानम म्हणतात. येथली माती पावसाळ्यात चिखल होऊन पायाला धरते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. येथल्या देशी कापसाचे मूळ सरळ खोल उतरते. पावसाळ्याच्या आरंभी पेरलेला हा कापूस पाऊस थांबल्यावर मातीत साठलेल्या ओलीवर महिनोन् महिने तग धरतो आणि माघ-फाल्गुनात वेचणीस येतो. तिकडे कच्छ आणि वागड भागात याच हर्बेशियमचे निराळे रूप आहे. तेथे वारा जोराचा. बोंड उकलले तर कापूस वाऱ्यावर जावयाचा, नाहीतर पाचोळ्याने भरावयाचा. तेथल्या वाणाची बोंडे पिकली तरी पुरती उकलत नाहीत. शेतकरी ती बंद बोंडेच तोडून घरी नेतात आणि सावकाश कापूस काढतात. कुलज्याला जे काम हिमाने केले, ते वागडात वाऱ्याने आणि माणसाच्या हाताने मिळून केले.

हे गूढ ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांनी येथे एक महाग धडा घेतला. मँचेस्टरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा अमेरिकन कापूस हवा होता. १८४० साली ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांतून दहा अनुभवी बागाईतदार पगार देऊन हिंदुस्थानात आणविले. त्यांच्याबरोबर बियाणे आले, अवजारे आली. काही मंडळी भडोचेकडे आली. जगातील उत्तम कापसाची जमीन म्हणून ज्या कानमाचे नाव, तेथेच अमेरिकन कापूस अयशस्वी झाला. मात्र धारवाडकडे तो रुजला. तेथे नैर्ऋत्येच्या पावसामागून परतीच्या पावसाचाही शिडकावा मिळतो. वर्षानुवर्षे तेथल्याच बियाण्यातून पेरणी होत गेली आणि 'धारवाड-अमेरिकन' नावाचा एक नवाच स्थानवाण जन्मास आला. पाहुणा घरचा झाला, पण त्याला अनुकूल घर मिळाले तेथेच. तिकडे कोइमतूरला अमेरिकन कापसाच्या प्रयोगांची देखरेख रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे होती. नियतीचा विनोद असा की आपल्या गुजराथी देशी कापसालाच पुढे त्यांच्या नावावरून 'वाइटियानम' असे नाव मिळाले.

पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि जगाने आमच्या आखूड धाग्याच्या कापसापुढे पदर पसरला. खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत १८६२ साली डभोईपासून मियागामपर्यंत सुमारे २० मैलांचा अरुंद लोहमार्ग झाला. त्यावर आरंभी गाड्या ओढीत ते बैल! ज्या बैलांनी शेतात कापूस पिकविला, त्यांनीच तो रुळांवरूनही वाहिला. आज आपण ज्याला मोठ्या अभिमानाने गायकवाडी रेल्वे म्हणतो, तिच्या पायाशी हर्बेशियमच्या सरकीचे असे ओझे आहे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशातील जवळजवळ सारी कापूसलागवड देशी जातींची होती. नंतर चित्र झपाट्याने बदलले. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात चंद्रकांत पटेल यांनी 'संकर-४' हा अमेरिकन जातीचा वाण दिला. व्यापारी लागवडीचा जगातील तो पहिला संकरित कापूस. पाणी, खत आणि औषधे यांच्या बळावर अमेरिकन कापसाने १८४० चा पराभव धुऊन काढला. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, मुलांची शिक्षणे झाली, पक्की घरे झाली. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारे जनुक त्यात घातले होते आणि आरंभी त्याचा लाभ स्पष्ट दिसला. पण निवडीचा नियम काही एकट्या कापसासाठी नाही. तो अळीलाही लागू आहे. लाखो अळ्या मेल्या. ज्या थोड्या विष पचवू शकल्या, त्यांची प्रजा वाढली. गुजराथेतील गुलाबी बोंडअळी या कापसाला दाद देत नाही, हे २०१० सालापर्यंत उघड झाले. कुलज्याच्या हिवाळ्याने कापसातून जशी निवड केली, तशीच निवड आम्ही नकळत अळीतून केली. पंजाबकडे अमेरिकन कापसाला पाने मुरडण्याच्या विषाणुरोगाने ग्रासले. देशी कापसाला मात्र त्या रोगाची बाधा होत नाही.

हा साराच व्यवहार चांगला की वाईट, असा निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. मी शेतकरी नव्हे. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला खडूच्या धुळीत वावरणाऱ्याने उपदेश करू नये. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट मला बोलून दाखविली पाहिजे. स्थानवाण घडतो तो एकाच अटीवर: या वर्षी या जमिनीत जे तगले, त्याचेच बी पुढल्या वर्षी त्याच जमिनीत पडले पाहिजे. हजार-पाचशे वर्षे ही साखळी अखंड चालली. शेतकऱ्याची बायको चांगली बोंडे बाजूला काढी, सरकी राखेत घोळून मडक्यात ठेवी, आणि पुढल्या पेरणीला तेच मडके उघडी. संकरित बी दरवर्षी विकत आणावे लागते, कारण त्याचे गुण पुढच्या पिढीत तसेच उतरत नाहीत. बी दुकानातून येऊ लागले त्या दिवशी मडके रिकामे झाले, आणि त्या शेताच्या इतिहासाचे पुढचे पान लिहिण्याचे काम थांबले.

कोणी म्हणेल, जुनी पाने हवीत कशाला? याचे उत्तर पुन्हा ध्रुवाकडूनच येते. अलास्कात एक गवत आहे. त्याला पांढरे शुभ्र, अगदी कापसाच्या बोंडासारखे गोंडे येतात, म्हणून त्याला कापूसगवतच म्हणतात. कापसाशी मात्र त्याचे नाते नाही. १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत शास्त्रज्ञांनी दक्षिणेकडील आणि उत्तरेकडील ठिकाणांची ही गवताची ठोंबे एकमेकांच्या गावी नेऊन लाविली. तीस वर्षांनी पुन्हा पाहणी झाली. तोवर पृथ्वीची उष्णता वाढली होती. प्रत्येक स्थानवाण आपल्या गावी सर्वांत चांगला वाढावा, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात त्याला मानवणारे हवामान आता त्याच्या गावाहून शंभरावर किलोमीटर उत्तरेला सरकलेले आढळले. गवत जेथल्या तेथे उभे आहे आणि त्याचे गावच त्याच्या पायांखालून निघून गेले आहे! हवामान आता इतक्या वेगाने बदलते की बियाण्यातील लिखाण मागे पडते.

जे गवतावर आले, ते कापसावर येणार नाही असे कोणी म्हणावे? उद्या पाऊस लांबेल, उष्मा वाढेल, किनाऱ्याजवळची जमीन खारावेल. तेव्हा कोणते बी तगेल हे आज सांगता येत नाही. निवड करावयाची तर निवडण्याजोगे अनेक प्रकार शिल्लक हवेत. हिवाळ्याने कुलज्याला निवड केली, ती हजारांत एक झाड वेगळे होते म्हणून. सारीच झाडे एकसारखी असती तर परीक्षक आला असता, सर्वांना नापास केले असते आणि वर्ग रिकामा झाला असता.

सुदैवाने वर्ग अजून अगदीच रिकामा झालेला नाही. संशोधन केंद्रांनी देशी वाणांचे संग्रह राखले आहेत. वागड पट्ट्यात 'व्ही-७९७' सारखे बंद बोंडांचे देशी वाण पेरणारे शेतकरी आहेत. कच्छमध्ये विणकरांनी त्याच भागातील काळा कापूस पुन्हा मागावर चढविला आहे आणि केवळ पावसाच्या पाण्यावर वाढणाऱ्या त्या पिकाला गिऱ्हाईक मिळू लागले आहे. शीतगृहातील संग्रह मोलाचे आहेत. परंतु तेथे बी झोपते. त्याचे शिक्षण चालते ते शेतात, ऊन-पावसाच्या शाळेत.

कर्जणच्या त्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत आपल्या आजोबांना विचारले की, आपल्या घरचा देशी कापूस कोठे गेला. आजोबांनी माळ्यावरचे मडके काढून दाखविले. त्यात जुने खिळे, दोरीचे तुकडे आणि एक मोडलेले कुलूप होते. सरकी केव्हा संपली, हे घरात कोणालाच आठवेना. मुलगा मला म्हणाला, "सर, कोणी टाकून दिली असती तर निदान आठवले असते."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्याला आजींकडे घेऊन गेलो. त्यांनी वाती वळता वळता बाजूला काढलेली मूठभर सरकी कागदात बांधून त्याच्या हाती दिली. ती आर्बोरियमची, कानमाची हर्बेशियम नव्हे, हे मला ठाऊक आहे. तिने शेत भरणार नाही आणि कर्जही फिटणार नाही. तरीही या वर्षी त्याच्या घरामागे ती चार ठिकाणी उगवली आहे, असे त्याने सांगितले. पहिली फळफांदी कितव्या पेऱ्यावर येते, ते मोजून ठेवण्यास मी त्याला सांगितले आहे.